मोगलांचा तह

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दिवाळीचे किल्ले नुसते बघायचे नसत, लढायचे असत. पटांगणात मातीचे चार-पाच गड उभे राहायचे आणि लढाई रोज संध्याकाळी आदल्या दिवशीच्या जागेवरून पुढे सुरू व्हायची. नियम मी केले होते आणि नियमांच्या बाबतीत मी भारी खडूस होते. एकदा पडलेला मावळा दुसऱ्या दिवशी उठायचा नाही. गेलेला गड गेलाच. मोगलांचं सैन्य दुप्पट, पण चढणीवर त्यांनी एक डाव थांबायचं; नाहीतर आमचे मूठभर मावळे टिकणार कसे? कवड्या टाकून पुढे सरकायचं. बाजारात मोगल मिळत नसत, म्हणून गेल्या वर्षीचे नाकं उडालेले मावळेच मोगल व्हायचे.

पण मोगलांकडून खेळायला कुणी तयार नसे. त्यातून ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. शेंबडी पोरंसुद्धा घोषणा देत फिरायची. शेवटी तळमजल्यावरच्या हवालदारांच्या मुलीने मोगल घेतले. मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाल्यापासून चाळीने त्या घराशी बोलणं टाकलं होतं. हवालदारांनी गोळी झाडली होती का, हे कुणी विचारलंही नव्हतं. अंगावर खाकी होती, तेवढं पुरे झालं. मोगल घेतले नसते तर तिला खेळायलाच मिळालं नसतं. मला तिचं फार वाईट वाटायचं. आणि खेळायची मात्र झकास.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने आमचा शेवटचा गड घेतला. पोरं खवळली.

"चीटिंग आहे ही! मोगल जिंकतात होय कधी?" माझा भाऊ ओरडला.

"कवड्या तूच बघितल्यास ना? मग गप बस," मी म्हणाले. "आता तह. जिंकणारा मागेल ती एक गोष्ट द्यायची."

ती सिंहासनावरचे महाराज मागणार, या धास्तीने भावाने ते आधीच मुठीत घेतले होते. ती फ्रॉकचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी फराळाचं ताट पाठवा. यंदा कुणाचंच आलं नाही. आई सारखी दाराकडे बघते."

मी धावत वर जाऊन आईला सगळं सांगितलं.

"अगं, पण चाळ काय म्हणेल?" आई म्हणाली.

"आपण हरलोय, आई. द्यावंच लागेल."

आईने ताट भरलं, वर रुमाल टाकला आणि माझ्या हातात न देता स्वतःच जिना उतरली. मी मागोमाग गेले.

हवालदारांच्या बायकोने ताट घेतलं. ताट रिकामं परत करायची रीत नव्हती, म्हणून ती आत वळली. भिंतीपाशी करंज्या, चकल्या, लाडवांचे डबे काठोकाठ भरलेले होते. तिने यंदाही सगळ्या चाळीचा फराळ करून ठेवला होता.