आठव्या दिवसाची मुलाखत

बायको गेली तेव्हा हैदराबादेत, चिक्कडपल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं कोंडून बसलो होतो. मी, माझी लेक आणि गावाकडून आलेला थोरला भाऊ. मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिलेला. डोकं भादरलेलं, अंगावर एक पंचा. दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. लेकीनंही हेच पाळायचं.

आणि आठव्या दिवशी लेकीची नोकरीची मुलाखत होती.

त्या काळी कोठी भागापासून इकडं गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले होते. आमचीही त्यातच शिकली. मी चौथी शिकलेला, किराणा दुकानात पुड्या बांधणारा, मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. बायकोलाही नाही, पण तिची सातवी झालेली. लेक सवाल सांगायची, ही ते मराठी अक्षरांत वहीत उतरवून घ्यायची आणि रोज सकाळी तांदूळ निवडत विचारायची. जबाब बरोबर की चूक, हे तिला कुठलं कळायला! ती नुसतं पोरीचं तोंड बघायची.

"अडखळलीस. पुन्हा सांग."

मुलाखतीचं पत्र बायकोनंच देवाच्या फोटोमागं ठेवलं होतं. मग तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं.

सहाव्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, परवा जाऊ का?"

माझ्याआधी भाऊच बोलला, "आईची राख गार झाली नाही अजून, अन् नोकऱ्या? लोक तोंडात शेण घालतील."

ती माझ्याकडं बघत होती. मी भिंतीकडं. मग वही मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. विचारणार कोण?

शेजाऱ्यानं कंपनीत फोन करून पाहिला, कुणी दाद दिली नाही. सातव्या दिवशी भाऊ आंघोळीला गेला तसा मी उठलो आणि पंच्यावरच, अनवाणी, हिमायतनगरातली ती कंपनी गाठली. तारीख पुढं ढकलून मागायची, एवढंच डोक्यात. काचेच्या दारापाशी म्हातारा चौकीदार होता. मला बघून उठून उभा राहिला. मी सगळं सांगितलं, अग्नी मी दिला, सुतक आहे, पोरीला बाहेर पडता येत नाही.

तो म्हणाला, "तारीख तो नईं बदलते साब. एक बात पूछूं? आग तो आप दिये ना? आप आ सकते, तो बच्ची कायकू नईं आ सकती?"

मी तसाच मागं फिरलो. पाय पोळत होते.

भाऊ दारातच होता. "अरे, अग्नी देणारा तू! तू उंबरा ओलांडलास?"

"ओलांडला. आता उद्या ती ओलांडंल."

तो त्याच पावली गावाला गेला. तेराव्यालाही आला नाही.

मी वही घेतली. बायकोचं अक्षर. बोट ठेवून एकेक अक्षर लावत विचारू लागलो. तिसऱ्या सवालावर मला पुढचं दिसेना.

लेक म्हणाली, "बाबा, अडखळलात. पुन्हा विचारा."

ती मुलाखतीला गेली. नोकरी तिथं नाही, पुढं दुसरीकडं लागली. आता परदेशात असते. फोनवर म्हणते, इकडं या. मी त्याच दोन खोल्यांत आहे. अडवायला आता भाऊही उरला नाही, तरी उंबरा ओलांडवत नाही.