कॉम्प्युटरला सोपान आठवेना

धड्ड... फुस्स... धड्ड... फुस्स...

पिंपरीच्या आमच्या जुन्या कंपनीतल्या, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपचा हा आवाज अजूनही दुपारच्या डुलकीत कधीतरी ऐकू येतो. त्या दणदणाटात शेजारच्याशी बोलायची सोय नव्हती. मग मी आणि बाजूच्या प्रेसवरचा सोपान नुसते ओठ हलवून शाळेतल्या कवितांच्या भेंड्या लावायचो. एकाची ओळ ज्या अक्षरावर संपेल, त्यावरून दुसऱ्यानं पुढची म्हणायची... अगदी चालीसकट, पण आवाजाशिवाय!

निवृत्तीनंतर मी निगडीत, तो त्याच्या गावी, कुरुळीत. प्रेसनं त्याचे कान मात्र ठेवून घेतले. फोनवर त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्या भेंड्या आता ई-मेलवर चालतात. सकाळी त्याची ओळ येते, संध्याकाळी माझी जाते. खरं तर ओळ हे निमित्त... सकाळी मेल आली म्हणजे गडी उठला, चहा प्याला, एवढं कळतं. या वयात तेवढं पुष्कळ.

तर मागच्या आठवड्यात माझा मेलचा प्रोग्राम अचानक पासवर्ड मागायला लागला. इतकी वर्षं तो स्वतःच लक्षात ठेवायचा. मी टाकला, 'लक्षात ठेवा'च्या चौकोनात खूण केली, चाललं. दुसऱ्या सकाळी पुन्हा कोरा चेहरा... आपण कोण? पुढच्या दिवशी तेच. विसरायची भीती आपल्याला, आणि विसरायला लागलं मशिन!

सूनबाई मानसी वाकडला आयटीत आहे. (मुलाला यातलं माझ्याइतकंच कळतं.) तिला वाटलं, कुणीतरी अकाउंटमध्ये शिरलंय. तिनं नवा लांबलचक पासवर्ड करून स्वतः टाकला, खूण केली. "कुठे लिहून ठेवायचा नाही हं बाबा," असं बजावून ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला गेली.

त्याच दिवशी सोपानच्या ओळीखाली दोन शब्द जास्तीचे होते. 'छातीत जड वाटतंय. उद्या चाकणला डाक्टरकडं जातो.'

दुसऱ्या सकाळी घाईघाईनं प्रोग्राम उघडला... पासवर्ड!

आठवेल तसा टाकला. चूक. आकडा आधी की मोठं अक्षर आधी... चूक. आणखी एकदा टाकला आणि मग 'खाते तात्पुरते बंद' अशी पाटीच आली.

सोपानला फोन लावला, नुसता वाजत राहिला. त्याच्या मुलाचा नवा नंबर होता, पण तो सोपाननं मेलमध्येच कळवलेला! मानसी फोनवर म्हणाली, "मी परवा येतेय. तोवर हात लावू नका, नाहीतर आणखी अडकेल. काका बरे असतील हो."

हात लावला नाही. पण मनाला कुठली पाटी लावणार? शाळेच्या पुस्तकात शेवटी शेवटी एक हमखास रडवणारी कविता असायची. गुरुजी शिकवताना खिडकीबाहेर बघायचे... दोन दिवस मला तेवढीच आठवत राहिली. बाकी सगळ्या कुठे गेल्या कोण जाणे.

ठरल्या दिवशी मानसी आली. बॅगही न सोडता खुर्चीवर बसली, पासवर्ड टाकला, आणि एकदम माझ्याकडे वळली. "बाबा, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना नेमकं काय काय करता?"

मी अभिमानानं सांगितलं. शिफ्ट संपली की मशिन पुसून द्यायचं, ही माझी जन्माची सवय. कचरा साफ करणारा एक नवा प्रोग्राम मिळाला होता, तो रोज चालवतो. त्यात जेवढे चौकोन होते तेवढ्या सगळ्यांवर खूण केलीय... अर्धवट सफाई आपल्याला जमत नाही.

तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. 'साठवलेले पासवर्ड.' म्हणजे मशिन विसरत नव्हतं. मीच रोज संध्याकाळी त्याची पाटी पुसत होतो!

"अहो बाबा, हा कॉम्प्युटर आहे, लेथ नाही!"

"प्रेस," मी सवयीनं म्हणालो. ती हसत सुटली. मला हसू येईना, कारण मेल यायला लागल्या होत्या.

पहिली, डॉक्टरकडे जायच्या दिवशीची. एक ओळ, 'ठ'वर संपलेली... मुद्दाम अवघड अक्षर देतो, हरामखोर. दुसरी, काल सकाळची, 'भेंडी चढली रे तुझ्यावर!' तिसरी त्याच संध्याकाळची, 'काय झालं? बरा हायेस न्हवं?' डॉक्टरबद्दल एक अक्षर नाही.

आणि आजची मेल... नव्हतीच. पुन्हा पुन्हा बघितलं. नाही.

"कुरुळीला कॅब बोलाव," मी म्हणालो. मानसीनं लगेच फोन काढला.

एक पाय बुटात घातला आणि दाराची बेल वाजली. वाजली ती वाजतच राहिली. माणसं एकदा दाबून थांबतात. आतून आवाज आला की नाही हे ज्याला कळतच नाही, तोच असं बोट दाबून धरतो...

एका पायात बूट तसाच ठेवून दार उघडलं.

टोपी तिरकी, सदरा घामानं चिकटलेला. भोसरीला बस बदलून आलेला सोपान.

"आरं, हायेस व्हय!" जिन्यातली सगळी दारं उघडतील असा आवाज. "डाक्टर म्हनला ग्यास हाय, बाकी काय न्हाई. पन तू का गप? म्या म्हनलं, गेला का काय ह्यो! आन् 'ठ' कवाचा दिलाय तुला, बोल की!"

बोलायचं खूप होतं. तरी मी आधी आवाजाशिवाय नुसते ओठ हलवले, 'ठ'वरून.

पण त्याला कुठे आवाज लागतो? बेलवरचं बोट तसंच ठेवून तो माझ्या ओठांकडे बघत होता, आणि मान डोलवत होता... बरोब्बर चालीत.