पोटगीची ज्वारी

बायको मुलीला घेऊन पारोळ्याला माहेरी निघून गेली तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती. सासऱ्याने धुळ्याच्या कोर्टात अर्ज केला आणि मुलीला दरमहा चार रुपये पोटगी द्यावी असा माझ्यावर हुकूम झाला. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला. हुकूम वाचला, पण मनाशी म्हटलं, पैसे सासरा खाईल, पोरीला धान्यच घालू. दोनदा बैलगाडी भरून ज्वारी नेली. त्या घराशी बोलायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून पोती ओट्यावर उतरवून तसाच परत फिरलो. कुणाची सही नाही, कुणाचा अंगठा नाही.

कोर्टाच्या लेखी पोटगी थकली, मग वॉरंट आलं. शिपाई सज्जन होता. म्हणाला, "भाऊ, घरून जेवून निघा. जेलची भाकर तुम्हांला गिळवायची नाही." मला हसू आलं नाही. धोतराचा काष्टा तीनदा सुटला.

कोर्टात मी दोन गाड्या ज्वारी घातल्याचं सांगितलं. सासरा म्हणाला, "एक दाणा आला नाही." मॅजिस्ट्रेट साहेबाने मला विचारलं, "ज्वारी कुणाच्या हाती दिली?" ओट्यावर उतरवली, एवढंच मी म्हणालो. महिनाभर जेल, अशी कुजबुज मागे सुरू झाली. मी कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, पण त्या दिवशी फरशीकडेच बघत राहिलो.

साहेबाने बायकोला पुढे बोलावलं. तिने एकदा बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "जवारी वनी व्हती, साहेब. बठ्ठी घरमा शे. आबा खोटं बोली ऱ्हायनात."

ज्वारी आली होती आणि सगळी घरातच आहे, हे तिच्या तोंडून ऐकल्यावर साहेबाने ती पोटगीत धरली आणि मला सोडलं. पुढे मात्र रोख रक्कम कोर्टात भरायची, असं बजावलं.

बाहेर ती माझ्याजवळून गेली. न थांबता म्हणाली, "आते पैसा कोर्टमा भरा. दर येळे मी येणार नही."

गावात मी सांगितलं, साहेबाला मी बरोबर पटवलं. पण पोरगी मोठी होईपर्यंत पैसे भरायची तारीख जवळ आली की मला भाकर गोड लागत नसे. कारकून पावती लिहीपर्यंत त्याच्या टेबलाची कड मी धरून उभा राही.