बाळंतिणीच्या खोलीतला दगडी कोळसा

माझी थोरली झाली ती कल्याणच्या बिऱ्हाडात. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण आई आधीच गेलेली. मग नेणार कोण? स्वारीची नोकरी आगगाडीकडे, म्हणून स्टेशनाजवळच दोन खोल्या घेतलेल्या. मागची अंधारी, ती माझी. खिडकी एकच, हातभर. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिच्यातही सासूबाईंनी चिंध्यांचा बोळा कोंबलेला. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची न् शेपांची धुरी. एवढे सगळ्यांच्याच नशिबी असते, त्याचे काही नाही.

पाचवी पुजून झाली आणि शेजारणीने मायेने टोपलीभर दगडी कोळसा आणून दिला. तिचा नवरा इंजिनावर होता. म्हणाली, "हा एकदा पेटला की दिवसभर बघायला नको." सासूबाई खूश. लाकडी कोळसा सारखा घालावा लागे, आणि सोयरातल्या बाळंतिणीला शिवले की अंघोळ. त्यांना तर सगळ्यांचा स्वयंपाक. म्हणून त्या उंबऱ्याबाहेरूनच बोलत. सकाळी सुईण येऊन न्हाऊ घाली, शेगडी भरी आणि जाई.

त्या दिवशी तिने हा नवा कोळसा घातला आणि पिवळट धूर निघाला. दिवाळीच्या दारूसारखा वास. पुढे धूर दिसेनासा झाला, पण माझे डोके असे ठणकू लागले की मान उचलवेना.

"सासूबाई, बोळा जरा काढू का?"

"काढ हो. आणि वात झाला की मला हाक मार."

"डोकं फुटतंय."

"मला पाच झाली. पाचही वेळा फुटलं."

वाद घालायलासुद्धा अंगात जीव लागतो. पण दुपारी पोर दूध ओढीना. ओठाला लावले की तोंड उघडे ते तसेच राही, मान लुळी. तेव्हा मी घाबरले. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. आणि उंबऱ्यातूनच मीठमिरच्या ओवाळून मला म्हणाल्या, घाल त्या शेगडीत. घातल्या. आता खोकल्याचीच काय ती कमी होती.

शेवटी म्हटले, "तुम्ही आत येऊन बघा हिला. मला काही कळत नाही आता."

चुलीवर भात होता. त्यांनी एकदा मागे वळून चुलीकडे पाहिले. मग आल्या, बाजेवर टेकल्या, पोरीला मांडीवर घेतले. तिचे गाल चोळता चोळता त्यांनाच ठसका लागला, कपाळावर घाम आला. त्यांनी भिंत धरली.

"अगं, इथे बसतेस तरी कशी तू?"

"बसतेय कुठे. निजूनच आहे."

त्यांनी पोर माझ्या कुशीत दिली. उठून आधी बोळा उपसला, मग चिमट्याने शेगडी ओढत परसात नेऊन ठेवली. परत आल्या त्या पोरीला घेऊन खिडकीशी बसल्या. तिचे तोंड उजेडाकडे, आणि मला वारा लागू नये म्हणून स्वतःची पाठ माझ्याकडे, खिडकीभर. वाऱ्याची भीती काही गेली नव्हती.

बऱ्याच वेळाने पोर चिडून रडली. असे रडणे ऐकून बरे वाटते, हे तेव्हा कळले. पाजायला घेतली तर चांगली ओढू लागली.

बाहेरून स्वारीने विचारले, "भात करपल्यासारखा वास येतोय?"

"येऊ दे," सासूबाई जागच्या न हलता म्हणाल्या. "मी शिवलेय. तूच उतरव."