सगळ्या गोष्टींना पुरणारे नियम

फासेमामा पोटासाठी कवळ्या बनवत. दातांच्या दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत, प्लास्टरच्या साच्यांमध्ये बसून ते दिवसभर परक्या हिरड्यांना मेण लावत. जीव मात्र रविवारात अडकलेला. रविवारी दुपारी त्यांच्या घरी गोष्टीचा खेळ चाले. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं. मामा प्रसंग सांगणार, आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवणार.

असे खेळ बाजारात ढिगानं मिळतात. चाच्यांचा वेगळा, राक्षसांचा वेगळा, आणि दर वेळी नियम नव्यानं शिकायचे. मामांच्या डोक्याला ताप झाला. म्हणून त्यांनी स्वतःच नियम रचले, जगातल्या कुठल्याही गोष्टीला चालतील असे. प्रत्येक पात्राला बळ, चपळाई आणि अक्कल यांचे आकडे. तीन फासे टाकायचे. बेरीज आकड्याच्या आत आली तर काम फत्ते, फारच वर गेली तर इजा.

"तोंडागणिक वेगळी कवळी करतोस," त्यांची ताई म्हणाली, "आणि गोष्टी मात्र सगळ्या एका मापाच्या?"

"हिरड्यांचं तसं नसतं, ताई."

सुरुवातीला मामांचंच खरं झालं. खालच्या मजल्यावरचा लाँड्रीवाला गलबतावरचा सुतार झाला होता. पुढच्या रविवारी तोच सुतार अंतराळयानात चढला, आणि एक आकडासुद्धा बदलावा लागला नाही. मामा आठवडाभर हवेत होते.

गाडी अडली ती भुताच्या गोष्टीत. मामांनी पडदे ओढले, आवाज खोल काढला आणि भूत कपाट सरकवत येतंय, असं सांगितलं. ताईचे यजमान, भावोजी, क्रेन चालवत. वजनाच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नसे. त्यांनी शांतपणे विचारलं, "भुताचं बळ किती?"

"सात."

"मग कपाट काही त्याच्यानं हलायचं नाही. चहा टाका."

त्यानंतर कुणाला भीती म्हणून वाटेना.

मग ताईनं प्रेमकथा मागितली. बँकेतले दोन कारकून, ती आणि लाँड्रीवाला. त्यानं तिला फक्त "चहा घेणार का" एवढंच विचारायचं होतं. फासे पडले सतरा. मामांचा चेहरा पडला.

"पाय मोडला," ते म्हणाले.

"चहाचं विचारताना?"

"फार वर गेलं की इजा. नियम म्हणजे नियम."

ताईची कारकून त्याला भेटायला दवाखान्यात गेली आणि त्याचा हात हातात घ्यायला गेली, तर तिचंही मनगट गेलं. भावोजी म्हणाले, "लग्नापर्यंत या दोघांत मिळून एक तरी धड माणूस उरेल का?"

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला मामांच्या खोलीत येऊन बसला. बराच वेळ एका साच्याचे दात मोजत राहिला. मग म्हणाला, "मामा, माझा खराखुरा आकडा काढून द्या." समोरच्या इमारतीत टायपिंग शिकवणाऱ्या बाई होत्या. कोट धुवायला टाकायच्या, हसून बोलायच्या. त्या बाईंना चहाचं विचारायचं त्याच्या मनात होतं.

मामांनी मनापासून हिशेब केला. अक्कल बेताची, पण शर्ट कडक इस्त्रीचा, म्हणून वर दोन. "चौदा. आरामात जमेल. जा."

त्यानं बाईंच्या जिन्यात फासे टाकले. नऊ आले. वर जाऊन त्यानं विचारलं आणि पडेल चेहऱ्यानं परत आला.

"काय म्हणाल्या?"

"बघते म्हणाल्या. मामा, बघते म्हणजे जमलं की फसलं?"

मामांकडे जमलं होतं, फसलं होतं, इजासुद्धा होती. 'बघते' कुठंच नव्हतं. त्या विचारात त्यांनी एका आजोबांच्या कवळीत दोन दात जास्तीचे बसवले. आजोबांना ती इतकी आवडली की ते परत द्यायला तयार होईनात. शेवटी मामा म्हणाले, "बाईंनाच खेळायला बोलाव."

बाई आल्या. पर्स मांडीवर ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुठलंही पात्र चालतं?"

"कुठलंही," मामा अभिमानानं म्हणाले. "हीच तर आपली खासियत आहे."

"मग मी दार होते."

मामांनी मान डोलावली आणि आकडे मांडले. बळ सतरा, चपळाई शून्य, अक्कल बाईंची स्वतःची. त्या दिवशी खजिना दारामागे होता. भावोजींनी पहार लावली, ताईनं लाडीगोडी लावली. दार ढिम्म हललं नाही. त्याला हरवेल असं एकही कलम निघेना. भावोजींनी पेन्सिल खाली ठेवली.

लाँड्रीवाल्याची पाळी आली. त्यानं फाशांना हातच लावला नाही. दाराला विचारलं, "बिजागऱ्या दुखतात का हो?"

"थोड्या," बाई म्हणाल्या. "लोक आपटून जातात ना."

"तेल घातलं तर?"

"घालून बघा."

मामा फासे उचलायला सांगणार होते, पण दोघांचं बोलणं तोडवेना. ऊन कपाटावरून उतरलं तरी ते चालूच होतं. ताई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. भावोजी कंटाळून घरी गेले.

आता बाई दर रविवारी येतात. दार अजून उघडलेलं नाही, खजिना काय होता ते मामाही विसरलेत. परवा भावोजींनी तक्रार केली, "हा कसला खेळ? यात काही होतच नाही."

मामा म्हणाले, "होतंय की." पण काय होतंय ते त्यांना सांगता आलं नाही.