नोकरनाम्यासाठी काढलेली माळ

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी हसत विचारलंत, आजी, तुझ्या नावावर खरंच बार आहे का? आहे. वाटूर फाट्यावर, परमिट रूम. तुमचे आजोबा गेल्यावर परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर झाला. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. आता जालन्यात, मस्तगडच्या घरी बसून त्या धंद्याच्या कागदांवर सह्या करते. बाकी सगळं माझे धाकटे दीर बघतात. विचारलंत म्हणून तिथली एक दुपार लिहिते.

परवान्याचा मालक स्वतः गल्ल्यावर बसत नसेल, तर त्याच्या वतीने बसणाऱ्याचा कागद एक्साइजच्या ऑफिसातून करून घ्यावा लागतो. त्याला नोकरनामा म्हणतात. त्यावर त्या माणसाचा फोटो असतो, माझी सही असते आणि सरकारी शिक्का असतो. जुना मॅनेजर सोडून गेला तेव्हा दिरांनी स्वतःच्या मेहुण्याचा फॉर्म भरून, फोटो चिकटवून आणला.

"वहिनी, फक्त सही करा."

मी म्हटलं, "मुलाखतीशिवाय मी सही करत नाही. आणखी एक अर्ज आहे."

"घ्या की मुलाखत," ते म्हणाले. "आपल्याला कुठं घाई हाये?"

दुसरा अर्ज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. तीर्थपुरीकडचा, आता चाळिशीतला. दारूपायी त्याची बायको मुलींना घेऊन माहेरी गेली होती. तीन वर्षांपूर्वी त्याने दारू सोडून तुळशीची माळ घातली. सासरा म्हणाला होता, कायमच्या नोकरीचा शिक्क्याचा कागद दाखव आणि माझ्या लेकीला घेऊन जा. त्याला पगारापेक्षा तो कागद हवा होता. आमच्याकडे गल्ल्यावर माळकरी माणूस मुद्दाम शोधतात. तो पीत नाही, आणि पिणाऱ्याला तोंड देताना डोकं ठिकाणावर ठेवतो.

दुपारी परमिट रूमचं दार अर्धं ओढून आम्ही तिघे आत बसलो. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. मी प्रश्न लिहून नेले होते, प्रत्येकापुढे गुण. वय लपवणाऱ्या पोराला काय सांगशील? ड्राय डेला मागच्या दाराने कुणी मागितली तर? पिऊन टाइट झालेल्याने गाडीची किल्ली काढली तर?

"किल्ली मी ठिवून घेईन, बाई. शिव्या खाईन, पण देणार न्हाई. माझी किल्ली कुणी ठिवून घेतली न्हाई, म्हणून हे असं झालं." त्याने डाव्या पायाची वाकडी नडगी दाखवली.

मी पूर्ण गुण दिले. बेरीज केली तर शंभरपैकी ब्याण्णव.

"तुमची परीक्षा झाली, वहिनी," दीर म्हणाले. "आता माझी." त्यांनी दोन ग्लास पुढे ठेवले. "गिऱ्हाइकं तक्रार करून राह्यले, एका बाटलीत पाणी हाये. कोणत्या, सांग."

त्याने दोन्ही ग्लास लांबूनच हुंगले. "डावा, दादा."

"नाकानं कुत्रंबी सांगतं. जिभेनं सांग."

"दादा, गळ्यात माळ हाये."

"मंग काढ. परत घाल. मी काय तोडायला सांगून राह्यलो का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई?"

मी एका शब्दात थांबवू शकले असते. पण ब्याण्णव गुण पडल्यावर निकाल माझ्याच बाजूने लागणार याची मला खात्री होती. मी म्हणाले, "तोंडीनंतर प्रात्यक्षिक असतंच."

त्याने माळ काढली. टेबल ओलं होतं, म्हणून ती माझ्या प्रश्नांच्या कागदावर ठेवली. दोन्ही ग्लासांना जेमतेम ओठ लावले, डोळे मिटले.

"डाव्यात पाणी हाये. अन् बोअरचं हाये, खारट. बाटली इथंच भरलेली."

दिरांनी टाळी वाजवली. "वा रे माळकरी! तीन वर्षं झाली, पण जीभ बिलकुल विसरली न्हाई. बघा वहिनी, असल्याला गल्ल्यावर बसवता? हा तर बाटल्यांचा जावई हाये!"

"आन् चुकलो असतो तर, दादा?"

"मंग कामाचा न्हाई म्हणलो असतो."

ते बराच वेळ हसले. तो माझ्याकडेच बघत होता. "बाई, मार्क किती पडले?"

"ब्याण्णव."

"मंग?"

दिरांनी मेहुण्याचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मला दर आठवड्याला दवाखान्यात तेच नेतात. वीज जाण्यापासून गॅस संपण्यापर्यंत घरचा प्रत्येक फोन त्यांनाच असतो. मी पेन उघडलं आणि म्हणाले, "प्रात्यक्षिकात नापास झालास." त्याच्यासमोरच सही केली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.

त्याने माळ उचलली, पण गळ्यात घातली नाही. "तोंड बाटलं, बाई. आता कशी घालू?" खिसा फाटका होता. मी प्रश्नांचा कागद मधोमध फाडला आणि माळ गुंडाळायला त्याला दिला. गुणांची बेरीज त्याच अर्ध्यावर होती.

बायको आली नाही. महिन्याभरात तो पुन्हा प्यायला लागला, आणि आमच्याच परमिट रूममध्ये. मेहुणा बाटल्यांत बोअरचं पाणी घालतो. फार झालं की गिऱ्हाईक ओळखतं, कमी झालं तर परवडत नाही. किती घातलं म्हणजे कळत नाही, हे मेहुणा त्याला चाखायला लावून ठरवतो. त्याबद्दल रोज एक पेग फुकट. दीर त्याला सगळ्यांसमोर हाक मारतात, "ए ब्याण्णव!"

सह्यांसाठी मी महिन्यातून एकदा जाते. मला बघितलं की तो ग्लास पाठीमागे धरतो, वाकड्या पायावर उभा राहतो आणि मी वर्गात शिकवलं होतं तसं म्हणतो, "गुड आफ्टरनून, बाई."

मी बसायला सांगेपर्यंत तो बसत नाही.