गाव मे महिन्यात पाहावं

पाराकाका भेटले की नमस्कार नंतर, आधी आकडा. "पंचेचाळीस!" फाटकाशी उभे राहून ते असे ओरडायचे की जणू तो पारा मीच चढवला आहे. त्यांच्या ओसरीत, पेरूच्या झाडाकडे तोंड करून, एक थर्मामीटर टांगलेला होता. मार्च लागला की काकांचा अर्धा दिवस त्याच्यासमोर जायचा. खरं नाव पाटीवर होतं, पण ती पाटी फक्त पोस्टमन वाचायचा. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीला ते पाराकाका आणि त्यांच्या पत्नी नुसत्या काकू. माझं घर समोर, त्यामुळे हा आकडा ऐकण्याचा पहिला मान माझा. "काका, आकडा सांगून ऊन कमी होते का?" असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "वैऱ्याची उंची माहीत असावी वं शोभा."

वर्तमानपत्रातला आकडा त्यांना मान्य नसे. "तो सरकारी पारा सावलीत बसून बोलते. माणूस उन्हात राहते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याला कारणही होतं. काकांची सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली. नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली, कूलर बंद पडले की लोक काय बोलतात ते ज्याने ऐकलं नाही त्याने मराठी भाषा पूर्ण ऐकलीच नाही. भर दुपारी तापलेल्या डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, उभं राहून काकांनी ती भाषा वर्षानुवर्षं ऐकली. "लोक आधी डीपीले शिव्या देत, मग मले. डीपी तरी जळून मोकळी होये," ते हसून सांगायचे. हसायचे, पण तेवढा वेळ हात मानेवरून फिरत असायचा, घाम नसला तरी.

उन्हाशी त्यांचं वैर मात्र नोकरीच्याही आधीचं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. काका शाळेत असताना एका लग्नाच्या वरातीत त्यांचे वडील भर दुपारी कोट घालून चालले. नवरदेवाचे मामा ना, कोट कसा काढणार! संध्याकाळी चौघांनी त्यांना उचलून घरी आणलं, तेव्हा दार उघडायला काकाच गेले होते. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर त्यांच्या आकड्याची चेष्टा करणं मी सोडून दिलं.

काकूंकडे उन्हावर एकच उपाय होता, कांदा. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, लू लागत नाही म्हणतात. बाकीच्या घरांत हे आठवलं तर होतं. काकूंकडे त्यात खंड नव्हता. काका चपला घालू लागले की काकू आतून लहानसा कांदा घेऊन यायच्या, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात स्वतःच्या हाताने टाकायच्या आणि वरून एक थाप मारायच्या. काका कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर निघाले असले तरी कांदा. एकदा ते तसेच निघाले, तर काकू भरल्या हातांनी, पिठासकट, "अवो, कांदा!" म्हणत फाटकाबाहेर त्यांच्यामागे धावल्या. सारी गल्ली हसली. काका लाजले, पण खिसा पुढे केला.

निवृत्तीनंतर नागपुरात राहायचं नाही, हे काकांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. प्रश्न फक्त कुठे जायचं हा होता, आणि तो सोडवण्याची त्यांची पद्धत नागपूरच्या माणसालाच सुचेल अशी होती. "गाव मे महिन्यात पाहावं," ते म्हणायचे. "डिसेंबरात तर आपलं नागपूरही महाबळेश्वर वाटते." त्याप्रमाणे दर मे महिन्यात काका-काकू एक गाव पाहून यायचे. नाशिकला दुपारी पंखा लावावा लागला, नाशिक बाद. पुण्याला बसमध्ये काकांना घाम आला, अख्खं पुणं बाद. शेवटी ते बंगलोरला गेले. त्यांच्या मुलाने, नितीनने, तिथे नोकरीत असताना फ्लॅट घेतला होता आणि मग तो कॅनडाला निघून गेला होता. फ्लॅट रिकामाच होता. काका परत आले ते एखाद्याला मुलगी पसंत पडावी तसे. "मे महिन्यात शाल! बाराव्या मजल्यावर आम्ही दोघं शाल घेऊन चहा पिऊन राहिलो होतो, शोभा!" काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चांगलं हाय. पण तिथं मी बोलू कोणासंगं?" काकांनी हे ऐकलं नसावं. ते थर्मामीटर पुसत होते.

तरी जाणं लांबत गेलं, आणि तेवढ्यात काकू विसरू लागल्या. आधी वरणातलं मीठ, मग नितीनच्या लग्नाचं साल, मग आमच्या गल्लीचं वळण. गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी घेऊन निघायच्या आणि भलतीकडेच चालत राहायच्या. पण घरी यायच्या. कधी भाजीवालीच त्यांना फाटकाशी आणून सोडायची, कधी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. एकदा त्या पार सीताबर्डीपर्यंत पोचल्या, तर आमच्या नाक्यावर उभा राहणारा ऑटोवाला तिथे सवारी सोडायला गेला होता. त्याने त्यांना बसवून आणलं. "काकू, कुठं चालल्या?" एवढंच त्याने विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "तू नेशीन तिकडं, बापू." पैसे द्यायला काका धावले, तर तो ऑटो वळवून निघूनही गेला होता.

काकूंना आता माझं नाव आठवत नसे. काकांनाही कधीकधी त्या नुसतं टक लावून बघायच्या. पण ते चपला घालू लागले की आत जाऊन कांदा आणायच्या. जे डोक्यातून गेलं ते हातांत राहिलं होतं.

मग तो मे महिना आला. दुपारी काकांचा डोळा लागला आणि कूलरच्या आवाजात कडी वाजल्याचं त्यांना कळलं नाही. काकू अनवाणी बाहेर पडल्या. गल्लीत तेव्हा चिटपाखरू नव्हतं. इस्त्रीवाला जेवायला गेला होता, भाजीवाली ताडपत्रीखाली झोपली होती. जी गल्ली त्यांना रोज घरी आणायची ती त्या दुपारी दारं लावून बसली होती. मीसुद्धा. सापडल्या तेव्हा त्या डांबरी रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या, तळपायांची कातडी सुटली होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. दवाखान्यातून वाचून आल्या. डॉक्टरांनी काकांना सांगितलं, पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाहीत.

त्याच आठवड्यात काकांनी बांधाबांध सुरू केली. मी भांडायलाच गेले. "काका, इथं काकू हरवत नाही. फक्त उशिरा येते. तिथं कोण आणून देईल?"

काका दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि एक दिवस ऊन लागलेली आणून दिली, तर? एकाले मी असंच दारात उतरवून घेतलं हाय. पुन्हा नाही होणार माह्याच्यानं." मग जरा मऊ आवाजात, "तिथं मी हाओ ना. अजून कोण पाहिजे?"

इथे ऊन होतं, तिथे परकेपण होतं, आणि काकांना यातलं एकच मोजता येत होतं.

बंगलोरहून सुरुवातीला रोज व्हिडिओ यायचे. मे-जूनमध्ये आम्ही इथे भाजत असताना काका गॅलरीतला पाऊस दाखवायचे. "पाहून घे! सव्वीस!" मागे खुर्चीत काकू बसलेल्या असायच्या, स्वेटर घालून, कोणाच्या तरी घरी पाहुण्या आल्यासारख्या. काकांनी त्यांच्या गळ्यात फोन नंबरचं कार्ड घातलं होतं. ते टोचतं म्हणून काकू काढून ठेवायच्या, काका परत घालायचे. एकदा काका हसत म्हणाले, "अजूनही कांदा आणते वं. मी म्हणतो, इथं कशाले? इथं ऊन कुठं हाय? ऐकतच नाही." मी म्हटलं, घेऊन टाका, तुमचं काय जाते? "बिल्डिंगमधले लोक हसतात," ते म्हणाले.

दिवाळीच्या सुमाराला नितीनचा कॅनडाहून फोन आला. काकू गेल्या, एवढंच तो सांगू शकला.

काका परतले ते पुढच्या मे महिन्यात. भर दुपारी ऑटो थांबल्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. डोक्याला दुपट्टा नाही, टोपी नाही, पाराकाका उन्हात उभे राहून स्वतःच्या फाटकाकडे बघत होते. पण कुलूप ते उघडत नव्हते. मी धावत जाऊन त्यांना सावलीत ओढलं. त्यांनी आकडा सांगितला नाही. थर्मामीटर ओसरीत होता तिथेच होता, त्याच्यावर कोळ्याने जाळं केलं होतं. त्याच्याकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिल्याचं मला दिसलं नाही. गल्लीतली मुलं विचारायची, "काका, आज किती?" ते म्हणायचे, "पाहिलं नाही, बेटा."

त्यांनी मला सगळं सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, संध्याकाळी ओसरीत बसून. त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. काका खाली दूध आणायला निघाले. काकू कांदा घेऊन आल्या. काकांनी त्यांचा हात बाजूला केला. "चिडलो नाही वं मी. फक्त म्हटलं, राहू दे, आता नाही लागत." दूध घेऊन दुसऱ्या लिफ्टने वर आले, तर दार उघडं आणि घर रिकामं. गळ्यातलं कार्ड देवाच्या फळीवर होतं. खालच्या चौकीदाराने काकूंना जाताना पाहिलं होतं. नीटनेटकी साडी नेसलेल्या म्हाताऱ्या बाई निघाल्या म्हणून त्याने उठून गेट उघडून दिलं होतं. त्याची काही चूक नव्हती, असं काका दर वेळी सांगायचे.

काका रस्त्यारस्त्याने फिरले, पोलिसांकडे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात बोलावलं. कोणीतरी काकूंना बसस्टॉपवर भिजून पडलेलं पाहून तिथे पोचवलं होतं. छातीत पाणी झालं होतं. तिथल्या नर्सने खुणांनी आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की आजी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी विचारत होत्या, पण कोणालाच भाषा कळली नाही. काकूंनी काकांना ओळखलं की नाही, काकांना सांगता येत नव्हतं. नर्सने काकूंची ओली साडी त्यांच्या हातात दिली. पदराला गाठ होती. गाठीत कांदा होता.

"ती हरवली नव्हती, शोभा," काका म्हणाले. "ती माह्यामागं आली होती." आणि मग ते लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मलाही रडू आवरलं नाही. इस्त्रीवाल्याने आपला दिवा मालवला आणि आमच्याकडे न बघता तो घरी गेला.

त्या दिवसापासून काका कांद्याशिवाय बाहेर पडले नाहीत. उन्हाळ्यात तर नाहीच, पावसाळ्यातही नाही, फाटकापर्यंत जायचं असलं तरी नाही. स्वतःच आत जायचे, स्वतःच खिशात टाकायचे, वरून थाप मारायचे. गल्लीत आता कोणी हसत नसे.

डिसेंबरात नितीन त्यांना न्यायला आला. काकांनी वाद घातला नाही. "मी निवडलेलं गाव पाहिलं ना तू," ते मला म्हणाले. "आता पोट्ट्याले निवडू दे." त्यांच्या नव्या गावात तेव्हा बर्फ पडत होतं. कोणी तरी मुद्दाम विचारलं, काका, तिकडचा मे महिना पाहिला का? काकांनी नकारार्थी मान हलवली.

विमानतळावर मी त्यांना पोचवायला गेले होते. नितीन चांगला मुलगा आहे, आईच्या आठवणीने पार खचलेला. काकांनी जाड कोट घातला होता. कधी कोणी त्यांना कोटात पाहिलं नव्हतं. दाराशी पोचल्यावर त्यांनी कोटाच्या खिशावर थाप मारली, आणि नितीनच्या लक्षात आलं.

"बाबा, कांदा तिकडे उतरल्यावर काढून घेतील. आणि तिथे बर्फ आहे. मला द्या तो."

काकांनी खिसा हाताने झाकून धरला. नितीनकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाले, "असू दे वं. नाही घेतला तर ती पुन्हा मागून निघेल. आणि तिथं तिले ओळखणार कोण?"